मजुरी आधी की पॅन आधी?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: रावेर तालुक्यातल्या एका केळी व्यापारी घराण्यातल्या सूनबाईंचे हे पत्र आहे. घरची भागीदारी फर्म आहे आणि हिशेबाचे काम दोन वर्षांपासून त्यांच्याकडे आले आहे. कटाईच्या टोळ्यांचे मुकादम, ट्रकवाले, रायपनिंग चेंबरची (केळी पिकवण्याच्या खोलीची) देखभाल करणारा इलेक्ट्रिशियन आणि छापील खोकी पुरवणारा कारखानदार, अशा सगळ्यांना पैसे आधी जातात आणि पॅन नंतर मागितला जातो. पैसे देताना कापायच्या प्राप्तिकराच्या (टीडीएस) तिमाही विवरणपत्राची वेळ आली की सीएंचा फोन येतो आणि निम्म्या लोकांचे पॅन हाती नसतात. एका मुकादमाने पॅन द्यायला साफ नकार दिला, कारण त्यामुळे रेशन बंद होईल आणि घरातल्या बाईचे योजनेचे पैसे थांबतील अशी त्याला भीती आहे. दुसऱ्याने भावाचा पॅन पाठवला. मधला मार्ग म्हणून, कर कापावा लागू नये यासाठी, ताईंनी काही बिले तीस हजारांच्या आत तोडून दिली. आता त्यांनी ठरवले आहे की पॅन आल्याशिवाय कोणाचाही पैसा सोडायचा नाही. सासरे म्हणतात, "पंधरा वर्षांची माणसं आहेत. कागद मागितला तर दुसऱ्याच्या बागेत जातील." ताई विचारतात: पैसे अडवणे बरोबर आहे का, घरात हे कसे पटवून द्यावे, आणि या वर्षी न कापता दिलेल्या रकमांचे काय?

ताई, सासऱ्यांशी तुमचा वाद "पैसे आधी की पॅन आधी" यावर अडला आहे. माझ्या मते दोन्ही बाजूंनी वेळच चुकीची धरली आहे. पॅन मागायचा तो काम ठरताना, पहिली उचल हातावर ठेवण्याआधी. तेव्हा कोणाचे काही अडत नाही, कोणाचा अपमान होत नाही, आणि मुकादमालाही कागद करून घ्यायला आठवडा-पंधरवडा मिळतो. टोळीने घड कापून, खोकी भरून, गाडी रवाना केल्यावर "आधी पॅन आणा" म्हटले, तर ती अडवणूकच वाटते. झळ मुकादमाला बसतेच, पण त्याच्यामागे सातपुड्याच्या पाड्यांवरून आलेल्या मजुरांच्या घरी त्या दिवशी पीठ येत नाही.

कायद्यानेही पॅन नाही म्हणून पैसे अडवायला सांगितलेले नाही. पॅन नसेल तर जास्त दराने कर कापा आणि उरलेली रक्कम द्या, एवढेच सांगितले आहे. म्हणून "सगळेच पैसे थांबवायचे" हा पर्याय बाजूला ठेवा. पण जास्त दर म्हणजे किती, हे मुकादमाला आधी सांगितले नाही, तर तुमच्याच दारात भांडण होईल.

आकडा मांडून बघू. एका मुकादमाच्या टोळीला हंगामात तुमच्या फर्मकडून 6,00,000 रुपये जातात असे धरा. मुकादम एकटा, वैयक्तिक पॅन असलेला असेल, तर ठेकेदारीच्या कामावरची कपात 1 टक्का, म्हणजे 6,000 रुपये. पॅन नसेल तर कपात 20 टक्के, म्हणजे 1,20,000 रुपये. आता त्या सहा लाखांतले साधारण साडेपाच लाख मजुरांना वाटले जातात आणि मुकादमाच्या हातात पन्नास हजारांच्या आसपास उरतात, असे गृहीत धरा. एक लाख वीस हजारांची कपात त्याच्या सगळ्या कमाईच्या दुपटीहून जास्त झाली. ती मजुरांच्या मजुरीतूनच जाणार. शिवाय पॅन नसल्याने ती रक्कम त्याच्या नावावर जमा दिसत नाही, मग परत मागायची सोयही राहत नाही. हा हिशेब कागदावर लिहून सासऱ्यांना दाखवा. जुन्या माणसाचे पैसे राखायचे असतील तर त्याचा पॅन घेणे हीच त्याची काळजी आहे, हे त्यांना कळेल. त्यांचा अविश्वासाचा मुद्दा मला हलका वाटत नाही. पंधरा वर्षे शब्दावर चाललेला व्यवहार ही मोठी गोष्ट आहे. पण पॅन मागण्याने त्या शब्दाला धक्का लागत नाही. तुमची फर्म स्वतःचा पॅन बँकेला आणि सीएंना देतेच, तसाच हाही.

आणि पॅन न घेता, काहीही न कापता पूर्ण सहा लाख दिले तर? मग न कापलेला कर फर्मच्या डोक्यावर येतो, तोही 20 टक्क्यांच्या दराने. त्यावर कापायच्या तारखेपासून कापेपर्यंत दरमहा 1 टक्का व्याज, आणि कापून भरला नाही तर भरेपर्यंत दरमहा दीड टक्का. शिवाय फर्मचे उत्पन्न मोजताना त्या खर्चाचा 30 टक्के भाग, म्हणजे 1,80,000 रुपये, अमान्य होऊ शकतो. फर्मचा 30 टक्के कर आणि त्यावरचा 4 टक्के उपकर धरला तर हा 56,160 रुपयांचा जादा कर झाला. केळीच्या धंद्यातला नफा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे आकडे वेगळे समजावून सांगावे लागणार नाहीत.

आता बिले तीस हजारांच्या आत तोडण्याबद्दल. ते आजपासून थांबवा. मर्यादा दोन आहेत आणि तुम्ही एकीकडेच पाहिले आहे. एका वेळची रक्कम 30,000 च्या वर गेली तर कपात लागते. तसेच एकाच माणसाला आर्थिक वर्षात दिलेली एकूण रक्कम 1,00,000 च्या वर गेली, तरीही लागते, मग प्रत्येक बिल अठ्ठावीस हजारांचे का असेना. एकूण रक्कम लाखावर गेली की कपात तेवढ्याच शेवटच्या बिलावर नसते. वर्षाच्या सुरुवातीपासूनच्या सगळ्या रकमेवर ती करावी लागते. म्हणून चौथ्या बिलाला अचानक मोठी रक्कम कापावी लागते आणि मुकादम म्हणतो, "मागच्या वेळी तर काही कापलं नव्हतं." ज्याच्याकडून वर्षभर काम घ्यायचे हे माहीत आहे, त्याच्या पहिल्या बिलापासूनच एक टक्का कापत जा. रोखीने दिले तर सुटका होते हाही गैरसमज आहे. कपातीच्या नियमाला रोख आणि बँक सारखेच, उलट एका दिवसात एका माणसाला 10,000 च्या वर रोख दिले तर तो खर्चच अमान्य होतो. ट्रकभाड्याला ही मर्यादा 35,000 आहे. शेतकऱ्याला त्याच्या मालाचे पैसे रोखीने देण्याला जी सूट आहे, ती मुकादमाच्या मजुरीला लागू नाही. तुमच्याकडे एकाच वहीत दोन्ही लिहिले जात असतील तर खाती वेगळी करा.

उचलीचा मुद्दा बहुतेकांकडून सुटतो. कपात बिल वहीत जमा करताना किंवा पैसे देताना, यातले जे आधी घडेल तेव्हा करायची असते. हंगामाआधी मुकादमाला दिलेली उचल म्हणजे पैसे देणेच. बिल अजून आलेले नाही म्हणून उचलीवर काही कापायचे नाही, हे चुकीचे आहे. त्यामुळेच पॅन उचलीच्या आधी हवा, असे मी वर म्हटले. पॅन कोणत्या तारखेला मिळाला ती तारीखही लिहून ठेवा. ज्या दिवशी कपात करायची त्या दिवशी तो हातात नसेल तर दर 20 टक्केच, नंतर पॅन आला तरी त्या दिवसाचा दर मागे जाऊन बदलत नाही.

आता त्या मुकादमाच्या भीतीकडे येऊ. तो हट्टी आहे असे समजू नका. ही भीती गावोगाव आहे आणि तिच्यात थोडे तथ्यही आहे. पॅन काढला म्हणून रेशनकार्ड रद्द होत नाही. पीएम किसान योजनेतून मागच्या कर निर्धारण वर्षात प्राप्तिकर भरलेल्यांना वगळतात, पॅनधारकांना नाही. लाडकी बहीण योजनेत कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवे आणि घरात कोणी प्राप्तिकरदाता नको, अशी अट आहे. मुकादमाची अडचण अशी की त्याच्या नावावर सहा लाखांची रक्कम जमा दिसेल, आणि ते त्याचे उत्पन्न नाही, त्यातले बहुतेक मजुरांचे आहे, हे कुठेतरी लिहून द्यावे लागेल. ती जागा म्हणजे त्याचे स्वतःचे विवरणपत्र. लहान धंद्यासाठी अंदाजित उत्पन्नाची जी सोय आहे (जुने कलम 44एडी), तिच्यात रोखीच्या उलाढालीचा किमान 8 टक्के आणि बँकेतून आलेल्या रकमेचा 6 टक्के नफा दाखवता येतो. सहा लाखांवर तो 36,000 ते 48,000 रुपये होतो. त्यावर कर शून्य, आणि कापलेले 6,000 रुपये त्याच्या बँकखात्यात परत. म्हणजे विवरणपत्र भरणे त्याला अडकवत नाही, उलट त्याच्या हातात कमी उत्पन्नाचा पुरावा देते. तुमच्या सीएंच्या कार्यालयातून दोन-तीन मुकादमांची विवरणपत्रे भरून द्या, त्याचा खर्च फर्मने करा. मला विचाराल तर या पत्रातल्या सगळ्या उपायांत सर्वात जास्त उपयोग याचाच होईल. एकाच्या खात्यात पैसे परत आले की बाकीचे आपणहून पॅन घेऊन येतात.

पण त्याआधी एक मूळ प्रश्न तुम्ही स्वतःला विचारायला हवा: तुमचा व्यवहार नक्की कोणाशी आहे? मुकादम गाडीमागे किंवा क्विंटलमागे दर ठरवतो, माणसे तो आणतो, कमीजास्त झाले तर तो सोसतो, आणि तुम्ही एकरकमी त्याला देता, असे असेल तर तो ठेकेदार. सगळी रक्कम त्याच्या पॅनवर दाखवायची आणि सगळ्या रकमेवर कपात करायची. मुकादम नुसता माणसे जमवून देतो, हजेरी तुमचा माणूस लिहितो, आणि मजुरी प्रत्येकाच्या हातात किंवा खात्यात तुम्ही देता, असे असेल तर ती मजुरांची मजुरी झाली. मुकादमाला द्यायचे ते वेगळे मानधन किंवा दलाली. दलालीवरची कपात 2 टक्के, वर्षाला 20,000 च्या वर. काही जण कपात वाचवण्यासाठी पहिला प्रकार कागदावर दुसऱ्यासारखा दाखवतात. तसे करू नका. मजूर खरोखरच तुमचे असतील तर हजेरीपत्रक, अपघाताची जबाबदारी आणि कामगार कायद्यांतली बाकीची बंधनेही तुमचीच. जो व्यवहार प्रत्यक्षात आहे तोच लिहा. एका कागदावर चार ओळींचा करार करून मुकादमाची सही किंवा अंगठा घेतला तरी पुरे.

भावाच्या पॅनचे प्रकरण ताबडतोब सरळ करा. पैसे ज्याला, पॅन त्याचाच. भावाचा पॅन घातला की सहा लाखांची जमा भावाच्या नावावर जाते, त्याच्या विवरणपत्रात न जुळणारी रक्कम दिसते आणि नोटीस त्याला येते. कापलेले पैसेही मुकादमाला न मिळता भावाच्या नावे पडतात. चुकीचा पॅन नोंदवण्याबद्दल 10,000 रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. विवरणपत्र भरून झाले असेल तर सीएंकडून सुधारित विवरणपत्र भरून घ्या, ते करता येते.

पॅन हातात आला की तो तपासायचा कसा, हे थोडे सविस्तर सांगते, कारण निम्म्या चुका इथेच पकडल्या जातात. पॅनमध्ये दहा अक्षरे-अंक असतात: पाच अक्षरे, चार अंक, एक अक्षर. त्यातले चौथे अक्षर माणसाचा प्रकार सांगते. पी म्हणजे व्यक्ती, एच म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंब, एफ म्हणजे भागीदारी किंवा एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी), सी म्हणजे कंपनी, टी म्हणजे न्यास. ठेकेदारीच्या कामाला पी आणि एच असेल तर 1 टक्का, बाकी सगळ्यांना 2 टक्के. "इलेक्ट्रिकल्स" असे पाटीवर नाव आणि पॅनमध्ये चौथे अक्षर पी, यात चूक काही नाही. ते एकमालकी दुकान आहे, पॅन मालकाचा असतो. पाचवे अक्षर व्यक्तीच्या आडनावाचे पहिले अक्षर असते, तेही जुळवून पाहा. आडनाव नंतर बदलले असेल, लग्नानंतर बायकांचे होते तसे, तर ते जुळत नाही, त्यावरून लगेच शंका घेऊ नका. समोरच्याकडे जीएसटी नोंदणी असेल तर त्याच्या पंधरा अंकी क्रमांकातले पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे 27, आणि तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंत त्याचाच पॅन असतो. कार्डावरचा पॅन आणि बिलावरच्या जीएसटी क्रमांकातला पॅन वेगळा निघाला तर थांबा आणि विचारा. जीएसटी बिलात वेगळा दाखवला असेल तर कपात जीएसटी सोडून उरलेल्या रकमेवरच करायची.

यानंतर ट्रेसेसवर (प्राप्तिकर विभागाच्या टीडीएस संकेतस्थळावर) फर्मच्या लॉगिनमधून पॅन टाकून नाव आणि स्थिती बघा. पॅन आधारशी जोडलेला नसेल तर तो निष्क्रिय असतो, आणि निष्क्रिय पॅन म्हणजे पॅन नसल्यासारखाच, कपात 20 टक्के. कार्ड हातात असल्याने लोक निर्धास्त राहतात आणि इथेच फसतात. उशिरा जोडण्याचे शुल्क 1,000 रुपये आहे. मुकादमाकडे तेवढे नसतील तर उचलीत धरून फर्मनेच भरून द्यावेत, तुमचा फायदा त्याहून कितीतरी जास्त आहे. जोडणी अडते ती बहुधा नावातल्या आणि जन्मतारखेतल्या फरकामुळे. शाळेने लिहिलेली 1 जून एका कागदावर आणि 1 जानेवारी दुसऱ्यावर, किंवा वडिलांचे नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे नुसते आद्याक्षर. आधी कोणता कागद दुरुस्त करायचा हे ठरवून एकाच दिशेने जा, दोन्ही बदलायला गेलात तर पुन्हा जुळणार नाहीत.

ज्याच्याकडे पॅनच नाही त्याच्यासाठी प्राप्तिकर विभागाच्या ई-फायलिंग संकेतस्थळावर आधारवरून झटपट ई-पॅन मोफत मिळतो. त्याला अटी आहेत: माणूस सज्ञान हवा, आधारला मोबाइल जोडलेला हवा, आधारवर नुसते जन्मवर्ष नको, पूर्ण तारीख हवी, आणि आधी कधीही पॅन काढलेला नको. शेवटच्या अटीकडे नीट लक्ष द्या. कार्ड हरवले म्हणून नवा पॅन काढायचा नसतो, जुन्याचीच प्रत मागवायची असते. दोन पॅन बाळगणे हाच गुन्हा आहे आणि त्यालाही 10,000 रुपये दंड आहे. टोळीतल्या अनेकांचा आधारला जोडलेला मोबाइल बंद पडलेला असतो. म्हणून मुकादमाला "ई-पॅन काढून आण" एवढेच सांगून उपयोग नाही. आधी आधार केंद्रात मोबाइल बदलून घ्यायला सांगा, मग पॅन. याला दिवस लागतात, आणि म्हणूनच टोळी ठरवतानाच ही सुरुवात करायची.

ट्रकवाल्यांचा प्रकार वेगळा आहे. ज्याच्या मालकीच्या मालवाहू गाड्या वर्षभरात कधीही दहापेक्षा जास्त नव्हत्या, त्याने तसे लेखी घोषणापत्र आणि पॅन दिला तर काहीच कापायचे नाही. पण दोन्ही हवेत. घोषणापत्राशिवाय नुसता पॅन आला तर कपात, आणि पॅनशिवाय घोषणापत्र आले तर 20 टक्के. शिवाय न कापलेली ही भाडीही तिमाही विवरणपत्रात शून्य कपातीने दाखवायची असतात, ते अनेकजण विसरतात. पॅन कोणाचा घ्यायचा, चालकाचा, दलालाचा की मालकाचा? बिल्टी (मालवाहतुकीची पावती) ज्याच्या नावाची आणि भाडे ज्याच्या खात्यात, त्याचा. तुम्ही ट्रान्सपोर्ट कार्यालयाला पूर्ण भाडे देत असाल तर पॅन कार्यालयाचा. कार्यालय नुसती दलाली घेऊन बाजूला होत असेल आणि भाडे गाडीमालकाला जात असेल तर मालकाचा, आणि घोषणापत्रही त्याचेच. दिल्लीकडे जाणाऱ्या गाडीच्या चालकाकडून पॅनचा फोटो घेऊन काम झाले असे समजू नका.

खोक्यांचे सोपे आहे. तुमच्या नावाची छपाई असली तरी कागद-पुठ्ठा कारखानदाराने स्वतः आणला असेल तर ती खरेदी आहे, ठेकेदारीची कपात लागत नाही. तुम्ही पुठ्ठा पुरवून खोकी बनवून घेत असाल तर मात्र लागते. चेंबरच्या वार्षिक देखभालीचा करार ठेकेदारीत येतो. सीएंची फी व्यावसायिक सेवेत, 10 टक्के, वर्षाला 50,000 च्या वर.

कोणी आपल्याला कर लागत नाही असे सांगणारा जुना 15जी किंवा 15एच फॉर्म (आता फॉर्म 121) आणून दिला तर नम्रपणे परत करा. ते ठेवीवरच्या व्याजासारख्या रकमांसाठी आहेत, ठेकेदारीला किंवा व्यावसायिक फीला चालत नाहीत. कमी कपात हवी असेल तर समोरच्याने प्राप्तिकर विभागाकडून तसे प्रमाणपत्र आणायचे असते.

सगळ्यांकडून एकच पानी नमुना भरून घ्या. त्यात पॅनवर आहे तसे नाव, पॅन आणि त्याची प्रत, पत्ता आणि मोबाइल, कामाचा प्रकार, जीएसटी क्रमांक किंवा "नोंदणी नाही" अशी सही, पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत किंवा रद्द केलेला धनादेश, ट्रकवाल्यासाठी गाड्यांचे घोषणापत्र, आणि उद्यम नोंदणी आहे का. उद्यमचे का विचारायचे? समोरचा सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल तर लेखी करार नसताना 15 दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात. कागद आला नाही म्हणून त्याचे पैसे दोन महिने रोखले, तर व्याज तुमच्यावर, आणि वर्ष संपताना थकलेला खर्च प्रत्यक्ष दिल्याशिवाय मान्य होत नाही. बँकखात्यावरचे नाव आणि पॅनवरचे नाव वेगळे असेल तर नमुना स्वीकारू नका. आधारची प्रत मागू नका, तिची इथे गरज नाही. आणि लोकांचे पॅन टोळीच्या व्हॉट्सअप ग्रुपवर मागवू नका, दुसऱ्याच्या पॅनवर कर्ज काढण्याचे प्रकार घडतात. एकेकाकडून वेगळे घ्या आणि फाइल कपाटात ठेवा.

1 एप्रिल 2026 पासून प्राप्तिकर कायदा, 2025 लागू झाला आहे, त्यामुळे कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलले. टीडीएसची बहुतेक कलमे आता 393 खाली एकत्र आहेत. लोकांच्या तोंडी अजून 194सी (ठेकेदारी), 194जे (व्यावसायिक फी) ही जुनी कलमेच आहेत, ते समजून घेण्यापुरते ठीक, पण चलन भरताना त्या वर्षाला लागू असलेला क्रमांक सीएंकडून विचारून घ्या. मार्च 2026 पर्यंतच्या रकमांसाठी जुना कायदाच.

इतर वाचकांसाठी एक फरक सांगायला हवा. भागीदारी फर्म, कंपनी, सहकारी संस्था, म्हणजे आपल्याकडच्या फ्रूटसेल सोसायट्याही, यांना उलाढाल कितीही असो, कपात करावीच लागते. एकट्याच्या नावावर धंदा असेल तर मागच्या वर्षीची उलाढाल 1 कोटीच्या वर असेल तरच, आणि व्यावसायिकाला 50 लाखांच्या वर.

या वर्षी न कापता दिलेल्या रकमांचे काय, हेही तुम्ही विचारले आहे. प्रत्येक माणसासमोर दिलेली रक्कम, पॅन आहे की नाही आणि पुढे काम येणार आहे का, असे तीन रकाने करा. ज्याचे काम पुढे आहे आणि पॅन होता पण कापायचे राहिले, त्याच्या पुढच्या बिलातून मागची कपात त्याला सांगून वसूल करा आणि व्याजासह भरा. व्याज फर्मचे, ते त्याच्याकडून घेऊ नका. ज्याने आपले विवरणपत्र भरून त्यात ही रक्कम दाखवली आहे आणि देय कर भरला आहे, त्याच्या सीएंचे प्रमाणपत्र घेतले तर कराची जबाबदारी टळते, त्याने विवरणपत्र भरण्याच्या तारखेपर्यंतचे व्याज मात्र द्यावे लागते. जो निघून गेला आणि पॅनही नाही, त्याचा 20 टक्के कर फर्मला सोसावा लागेल. ती यादी सासऱ्यांसमोर ठेवा, बेरीज त्यांनाच करू द्या.

भरण्याच्या तारखा कपाटाच्या दारावर चिकटवा: कापलेला कर पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत, मार्चचा 30 एप्रिलपर्यंत. तिमाही विवरणपत्र 31 जुलै, 31 ऑक्टोबर, 31 जानेवारी आणि 31 मे. उशिराला रोज 200 रुपये, जास्तीत जास्त त्या तिमाहीच्या कपातीइतके. विवरणपत्रानंतर पंधरा दिवसांत कपातीचे प्रमाणपत्र काढून मुकादमाच्या हातात द्या, मेलवर पाठवून थांबू नका. तो कागद मिळत नाही म्हणूनच तर लोकांना वाटते की कापलेले पैसे व्यापाऱ्याने खाल्ले.

मुकादमाशी बोलताना कायदा, दंड, नोटीस यांनी सुरुवात करू नका. सासऱ्यांनाच बोलू द्या, त्यांचा शब्द त्याला चालतो. "पॅन दे, शंभराला एक रुपया कापीन, तो तुझ्या नावावर जमा होईल आणि परत मिळवून देऊ. पॅन नसला तर शंभराला वीस कापावे लागतील, ते कोणालाच मिळणार नाहीत," एवढे त्याला कळेल अशा बोलीत सांगायचे. ज्याला नकोच असेल त्याला उचल देण्याआधी स्पष्ट सांगा की वीस कापून देऊ, आणि ठरल्याप्रमाणे कापा. एकाला सवलत दिली की ती दुसऱ्या दिवशी सगळ्या टोळ्यांना कळते. आधीच्या कामाची मजुरी मात्र कोणाचीही रोखू नका, कपात करून त्याच आठवड्यात द्या.